चार हजार हर्ट्झच्या पुढे

माणसाला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे कागदावर उतरवून देणं हा माझा धंदा. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, जाड भिंतींची एक खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच. आत खुर्ची, खुर्चीवर पेशंट, पेशंटच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. काचेच्या अलीकडे मी आणि माझं मशीन. मी एकेक सूर सोडते, ऐकू आला की पेशंट बटण दाबतो, माझ्यासमोर दिवा लागतो, मी कागदावर खूण करते. चौदा वर्षं हेच करतेय. "मला सगळं ऐकू येतं हो, बायकोच पुटपुटते," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकते आणि चेहरा सरळ ठेवते.

माझ्या सासऱ्यांनी मात्र असलं काही म्हटलं नाही. ते हेडफोन काढून बाहेर आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद माझ्या हातातून घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"उजवीकडच्या खुणा करायच्या राहिल्या का गं?"

"राहिल्या नाहीत, बाबा. तिथे उंच सूर असतात. तिथे काही नाहीये."

बाबांनी एकेचाळीस वर्षं लोकांच्या पियानोंचे सूर लावले. कुठल्याही घरात गेले की आधी पियानोच्या पोटात डोकं घालणार आणि मग यजमानांना नमस्कार करणार. त्या माणसाला तीन हजार हर्ट्झपर्यंत ठीक ऐकू येत होतं, चार हजारांच्या पुढे शून्य. दोन्ही कानांना. म्हणजे पाखरं गेली, किटलीची शिट्टी गेली, पियानोच्या उजव्या टोकाची सगळी चमक गेली. मला रडू येत होतं, आणि मी मशीनची वायर गुंडाळण्यात फार गुंतल्याचं नाटक केलं.

खरी अडचण पुढेच होती, आणि तिचं नाव बोट. बाबांची तीस फुटी शिडाची बोट माझ्या नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. घरात तिला "म्हातारी" म्हणतात. सासूबाई गेल्यापासून बाबा एकटेच तिला घेऊन खाडीबाहेर जायचे, दोन-दोन दिवस राहायचे आणि परत येताना चेहऱ्यावर असा काही तजेला असायचा की आम्ही कधी अडवलं नाही. पण गेल्या महिन्यात एक छोटी मोटरबोट मागून आली. तिच्यातल्या बाईनं पिपाणीसारखा तिचा भोंगा वाजवला, मग वाऱ्याविरुद्ध जीव तोडून ओरडली. बाबा आपले शांतपणे संत्रं सोलत होते. दोन बोटींत हातभर अंतर उरलं.

नवऱ्याचं म्हणणं एका वाक्यात होतं: बोट विकायची. तो बसगाड्यांची वेळापत्रकं बनवतो. तीन मिनिटांचा उशीरसुद्धा त्याच्या जिवाला लागतो, तर हे हातभर अंतर कसं पचणार?

बाबा म्हणाले, "सूनबाई ठरवेल. चार दिवस चला माझ्याबरोबर. ती पाहील आणि लिहून देईल. 'नाही' लिहिलं तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधतो."

झालं! आली जबाबदारी माझ्या गळ्यात. मी कागदाला मानणारी बाई. पण बोट गेली तर बाबा आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत बसतील आणि दोन वर्षांत संपतील, हेही मला कागदाइतकंच स्वच्छ दिसत होतं.

आता माझं आणि समुद्राचं नातं सांगायला हवं. त्याआधी मी दोनदा म्हातारीवर गेले होते आणि दोन्ही वेळा सगळा समुद्र बादलीच्या तळाशी पाहिला होता. त्या बोटीवर कुणाला नावानं हाक मारत नाहीत. वारा नाव खाऊन टाकतो, शिट्टी लांब जाते, म्हणून प्रत्येकाची एक शिट्टी ठरलेली. आपली शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून वर डेकवर यायचं. नवऱ्याची शिट्टी दोन आखूड आणि एक घसरती. मला शिट्टी नव्हती. "बादलीला कशाला हवी शिट्टी?" असं बाबा म्हणायचे, आणि मी हसायचे, पण मनातून थोडं लागायचं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्या बोटीवर मी आपली "अगं"च होते. शिवाय मला शिट्टी वाजवताही येत नाही. लहानपणी भावानं शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, नुसती फुंकर निघायची.

पहिला दिवस फार सुरेख गेला. वारा बेताचा, ऊन कोवळं आणि पोटातलं सगळं पोटात. डोलकाठीच्या टोकावर एक पाणकावळा येऊन बसला, पंख पसरून वाळवत राहिला आणि जाताना नवऱ्याच्या नव्याकोऱ्या टोपीवर आपली सही करून गेला. कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकाच गोष्टीला हसलो.

जेवणं झाल्यावर बाबा सुकाणूपाशी बसले होते. मध्येच त्यांनी मान थोडी कलती केली. सूर लावताना करायचे, अगदी तशी.

"आले," ते म्हणाले.

"कोण?"

"तिघं आहेत. डावीकडून येतायत."

आम्ही डावीकडे पाहिलं. पाणी आणि ऊन, दुसरं काही नाही. नवऱ्यानं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. तेवढ्यात पाण्यात पाठीवरचा एक काळसर पर वर आला, मग दुसरा, मग तिसरा. डॉल्फिन! ते सरळ आमच्याकडे आले आणि बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे अगदी पुढच्या टोकापाशी, पोहू लागले. एक तर कुशीवर वळून चक्क माझ्याकडे बघत होता. वेळापत्रकवाले गृहस्थ लहान मुलासारखे ओरडत सुटले आणि मीही त्यांच्या दंडाला धरून उड्या मारत होते. उगाच खोटं का बोलू?

तासाभरानं बाबा पुन्हा म्हणाले, "दोघं. उजवीकडून. एकाला घाई आहे." आणि उजवीकडून दोघं आले. एक पुढे, एक मागे.

"बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"ऐकू येतं की."

"डॉल्फिनची शिट्टी फार उंच सुराची असते. तुमच्या कागदावर तर—"

"कागद तुझा आहे. कान माझे आहेत," बाबा म्हणाले आणि मजेत सुकाणू सांभाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर तपासणी घेतली. माझा पिंडच तसा. बाबांना केबिनमध्ये बसवलं, खिडक्यांवर टॉवेल टांगले. लाकडातून कंप कळू नये म्हणून खाली रबराची जाड गादी घातली, हात मांडीवर ठेवायला लावले, पाय वर घ्यायला लावले. "ध्यानाला बसवलंस की काय?" ते म्हणाले. मी समोर बसले घड्याळ आणि वही घेऊन. वर नवरा दुसरं घड्याळ आणि दुसरी वही घेऊन. मिनिटं टिपायला त्याच्याइतका योग्य माणूस पृथ्वीवर नाही. बाबांनी ऐकू आल्यावर बोट वर करायचं आणि किती ते सांगायचं. नवऱ्यानं पाण्यावर पर दिसल्यावर वेळ लिहायची.

संध्याकाळी वह्या ताडून पाहिल्या. अकरा वेळा बाबांचं बोट वर झालं होतं आणि अकराही वेळा दोन-तीन मिनिटांनी, सांगितले तितकेच डॉल्फिन आले होते. मग मी फोनवरून चार हजारांचा सूर वाजवला, कानाशी धरून, पूर्ण आवाजात. बाबांनी विचारलं, "सुरू केलंस का?"

मी वही पुन्हा पहिल्यापासून ताडू लागले. नवऱ्याकडे उत्तर होतं. "योगायोग," तो म्हणाला. पण अकरा योगायोग त्याच्या कोष्टकात बसेनात, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

एक गोष्ट मी माझ्या वहीत लिहिली नाही. नवव्या वेळी, बाबांचं बोट वर व्हायच्या जरा आधी, मलाही ऐकू आलं होतं.

बारीक, स्वच्छ शिट्टी. चढली, उतरली आणि मग एका सुरावर थांबून राहिली. केबिनच्या फळ्यांखालून आली. पुढच्या दोन्ही खेपांना तीच. रात्री मी सांगितल्यावर बाबांनी ती खालच्या सुरात गुणगुणून दाखवली आणि विचारलं, "ही नवीन आहे. हीच ऐकलीस ना?"

"हीच."

"ते एकमेकांना शिट्टीनं हाक मारतात म्हणे. ही त्यांच्यातल्या कुणाची नाही. कालपासून तू जिथे असशील तिथेच वाजतेय. तू वर असलीस की वर, खाली आलीस की खाली." बाबा हसले. "घे. माझ्याकडून राहून गेली होती, त्यांनी दिली."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. हसू नका. आठ वर्षं बादली धरून बसलेल्या बाईला कुणीतरी हाक मारत होतं.

"कुठली शिट्टी?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं फळीला कान लावला, दोन्ही बाजूंनी लावला. मी आणि बाबा एकाच क्षणी हसलो, कारण तेवढ्यात ती चांगली खणखणीत वाजली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याचे कान उत्तम आहेत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तपासले होते, रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"तुम्ही दोघं माझी फिरकी घेताय," तो म्हणाला. मग एकदम कोपऱ्यातल्या शेगडीकडे धावला. "अगं, किटली! केव्हाची बोंबलतेय! शेजारी बसून ऐकू येत नाही? तूही बाबांच्या पंगतीला बसलीस की काय?"

किटली आटून काळी झाली होती. मी त्या शिट्टीच्या नादात होते, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता धुकं आलं.

आधी क्षितिज गेलं, मग डोलकाठीचं टोक, मग बोटीची नाळ. शिडावरून पाण्याचे थेंब टपटपत होते. नवऱ्यानं नकाशा गुडघ्यावर पसरला. उजव्या हाताला खडक, डाव्या हाताला मोठ्या जहाजांची वाट. मध्ये आमच्यासाठी एक अरुंद पट्टी. त्यानं छोटं इंजिन सुरू केलं.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. "ऐकू येत नाही."

"बाबा, तुम्हाला तसंही—"

"बंद कर म्हटलं ना."

इंजिन बंद झालं. बाबांनी डोळे मिटले. सुकाणूवर त्यांची फक्त तीन बोटं होती. बोट थोडी उजवीकडे, मग थोडी डावीकडे सरकत होती. आजूबाजूला पाण्यात श्वास सोडल्याचे फुसकारे येत होते. ते मात्र आम्हा तिघांनाही ऐकू आले.

"किती आहेत?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"मोजता येत नाहीत," बाबा म्हणाले.

मग माझी शिट्टी आली. समोरून.

चढली, उतरली, थांबून राहिली. लगेच पुन्हा आली.

"तुला बोलावतायत," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "जा पुढे."

मी कठड्याला धरून पुढे गेले. नाळेपाशी गुडघे टेकून बसले. धुक्यात काही नव्हतं. पाणी बोटीवर आपटल्याचा आवाजसुद्धा येईना.

मग गंजलेल्या लोखंडाचा वास आला.

आणि धुक्यातून एक भिंत पुढे आली. नांगरून ठेवलेला रिकामा मालवाहू बार्ज. दिवा नाही, भोंगा नाही, माणूस नाही. दोन मजली उंच, लाल, आणि अगदी समोर.

मी जीव तोडून ओरडले.

म्हातारी जागच्या जागी वळली. शीड फडफडलं, बार्जच्या गंजाची एक रेघ आमच्या कठड्यावर उमटली, आणि भिंत मागे गेली.

धुकं पातळ झालं, ऊन आलं, पाणकावळे दिसायला लागले. मी चहा केला.

"मी 'डावीकडे' ओरडले ते ऐकू आलं, हे नशीब," मी म्हटलं.

नवऱ्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "तू ओरडली नाहीस."

"म्हणजे?"

"शिट्टी वाजवलीस. जोरात. कानठळ्या बसल्या माझ्या. बाबांनी त्यावरच वळवली बोट." त्यानं कान चोळला. "कधी शिकलीस?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "चांगली वाजवली," ते म्हणाले. "पण शेवटी जरा उतरलीस."

मी ओठांचा चंबू करून पाहिला. नुसती फुंकर निघाली.

चौथ्या दिवशी घरी परतताना मी लिहायला बसले. खोटं लिहिणं मला जमत नाही आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं: एकट्यानं बोट चालवण्यास पात्र नाहीत. सोबत नीट ऐकू येणारी एक व्यक्ती असल्यास पात्र.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "ही व्यक्ती कोण म्हणे?"

"मी," मी म्हटलं. "दर महिन्याला चार दिवस. रजा टाकते."

बाबांनी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. नवरा म्हणाला, "मग मला पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आत्ताच करावं लागेल," आणि खरंच कागद काढून बसला. त्याची ही हरायची पद्धत आहे, आणि मला ती फार आवडते. किनाऱ्यापर्यंत पाच डॉल्फिन आम्हाला सोडायला आले.

सोमवारी मी कामावर गेले. दर सोमवारी पेशंट यायच्या आधी आम्ही मशीन आमच्याच कानांवर तपासून घेतो. कान रोजचेच, त्यामुळे खुणा हलल्या तर बिघाड मशीनचा, असा साधा हिशेब. आमच्या विभागातल्या बाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहेत, आणि त्यांना माझ्या सफरीची सगळी हकिगत ऐकायची होती. "आधी काम," म्हणत मी खोलीत जाऊन बसले. जड दार लागलं. बाहेरचं जग बंद झालं.

सूर येऊ लागले, मी बटण दाबत गेले. मग सूर थांबले. बाई चहा प्यायला लागल्या असतील असं वाटलं. काचेतून पाहिलं तर त्या मशीनवर वाकलेल्या होत्या.

हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला. "झोपलीस का गं?"

"तुम्ही सूर सोडा ना."

"सोडतेय की केव्हाची."

मी बाहेर आले. बाई आत बसल्या, त्यांच्या खुणा नेहमीच्या जागी आल्या. मशीन ठणठणीत होतं. मी फाइलमधून बाबांचा कागद काढला, माझा त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. तीन हजारांपर्यंत ठीक, चार हजारांच्या पुढे शून्य. दोन कागदांत मिळून एकच रेघ दिसत होती.

नीट ऐकू येणारी व्यक्ती, असं मी लिहिलं होतं. खाली माझी सही होती.

"वाऱ्यानं दडे बसले असतील," बाई म्हणाल्या. "पुन्हा बस. सावकाश करू."

मी पुन्हा आत बसले. हेडफोन चढवले, बटण मुठीत घेतलं. दार लागलं.

थोड्या वेळानं ऐकू आलं. स्वच्छ, बारीक. चढलं, उतरलं, एका सुरावर थांबून राहिलं. मला हायसं वाटलं आणि मी बटण दाबलं.

काचेपलीकडे दिवा लागला. बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी आपले दोन्ही हात मशीनवरून उचलून मला दाखवले. रिकामे.

शिट्टी पुन्हा आली. या वेळी खुर्चीखालून.